अक्काबाईची चावी, अक्काबाईचं हँडल

दिवस मावळायला आला की आई स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी राहून पितळेच्या ताटलीवर पळी वाजवायची. आमचं घर उद्यमनगरात. पुढे राहायच्या खोल्या, मागे आण्णांचा लेथचा कारखाना आणि त्याला लागून पत्र्याची शेड. दिवसभर आजूबाजूला लोखंड कापल्याचा, घासल्याचा, ठोकल्याचा आवाज चाललेला असायचा आणि जळक्या वाळूचा वास तर कपड्यांना, उशांना, सणाच्या पुरणपोळीलासुद्धा यायचा. त्या गोंगाटात माणसाची हाक कुठली ऐकू येणार? पितळ मात्र ऐकू येई. आम्ही जैन. दिवस बुडायच्या आत जेवण उरकायचं, नंतर तोंडात घास घालायचा नाही, हा आमच्या घरचा नेम. आजकाल आहारतज्ज्ञ हीच गोष्ट फी घेऊन सांगतात आणि लोक माना डोलावतात. आमची आई फुकट सांगायची, म्हणून तिचं कुणी ऐकत नसे.

न ऐकणारे म्हणजे एकटे आण्णा. ताटली वाजली की शेडमधून "आलो, आलो" असा आवाज यायचा आणि माणूस यायचा नाही. मी निरोप घेऊन जायची. आण्णा गाडीखाली, फक्त पाय बाहेर. गाडीच्या दुसऱ्या बाजूने आणखी दोन पाय बाहेर आलेले असायचे, ते सर्जेराव काकांचे. "एवढा एक बोल्ट," आण्णा म्हणायचे. तो एक बोल्ट सुटेपर्यंत सूर्य पन्हाळ्यामागे गेलेला असायचा. मग आण्णा रॉकेलने हात धुऊन घरात यायचे, आईकडे न बघता पाटावर बसायचे आणि नुसतं पाणी पिऊन झोपायला जायचे. आई भांडत नसे. त्यांच्या वाटणीची भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवताना भांडी जरा जास्त आपटायची, इतकंच.

त्या गाडीला अक्काबाई हे नाव आईनेच ठेवलं. गडहिंग्लजच्या पलीकडे, जिथे लोक मराठीत सुरू केलेलं वाक्य कानडीत संपवतात, तिथल्या एका गुऱ्हाळाच्या मागे ही विलायती गाडी उसाच्या पाल्याखाली पडून होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. आण्णा आणि सर्जेराव काका तिथे दुसऱ्याच कामाला गेले होते. मालकाने "तगोंड होग्री" म्हणजे घेऊन जा बाबांनो असं म्हणायचा अवकाश, हे दोघं तिला ट्रॅक्टरला बांधून घेऊन आले. ओढत आणलेलं ते धूड अंगणात शिरताना बघून आई म्हणाली, "अक्काबाईचा फेरा ऐकून होते, आज दारात बघितला." अक्काबाई म्हणजे लक्ष्मीची थोरली बहीण, दारिद्र्य. आईने शिवी म्हणून दिलेलं नाव त्या दोघांनी लाडाने उचललं. "अक्काबाईला आज ग्रीस द्यायचं", "अक्काबाईचा दरवाजा आज लागला" असं दोघं बोलत राहायचे, आणि नवीन माणसाला वाटायचं घरात कुणी म्हातारी अंथरुणाला खिळून आहे.

सर्जेराव काका हे आण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त. मराठा, अंगाने पैलवान, आवाज असा की गल्लीच्या त्या टोकाला कळावं. त्यांचा धंदा पॅटर्नचा. कारखान्यात बिडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तिची सागवानी लाकडाची हुबेहूब प्रतिकृती करावी लागते. तिच्याभोवती वाळू ठोकायची, लाकूड काढून घ्यायचं, राहिलेल्या पोकळीत तापलेला रस ओतायचा. ती लाकडी प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. काकांची दोन्ही मुलं तालमीत रमलेली, त्यांना म्हशी कळायच्या, गाडी कळायची नाही. म्हणून असेल, काकांचा सगळा जीव माझ्यावर. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला जगात एकच गोष्ट हवी होती. ती गाडी चालवायची.

गाडी दोघांच्या सामाईक मालकीची होती आणि तिच्यासाठी त्यांनी एक रीत पाडली होती. चावी आण्णांकडे, हँडल काकांकडे. सेल्फ तर केव्हाच मेलेला. पुढून लोखंडी हँडल घालून गरकन फिरवल्याशिवाय इंजिन जागं होत नसे. चावीशिवाय हँडल फिरवून उपयोग नाही आणि हँडलशिवाय चावी नुसतीच खिशात खुळखुळायची. एकाने दुसऱ्याला सोडून गाडी न्यायचीच नाही, अशी ती सोय. दोघांपैकी कुणीही सेल्फ दुरुस्त करायचं नाव काढत नसे, याचं मला तेव्हा नवल वाटायचं.

आज मी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांना जाते. तिथे एकेक गाडी आरशासारखी. मालक शेजारी खुर्ची टाकून बसलेला, हातात मऊ फडकं, आणि गाडी आलेली असते टेंपोवर चढून. मी विचारते, "चालवत नाही का हो?" तर म्हणतात, "छे छे, खराब होईल ना!" मला अशा वेळी बोलायचं खूप असतं, पण वयाने जीभ जरा आवरते. आमच्या अक्काबाईला डाव्या अंगाला एक पोचा होता, तो शेवटपर्यंत काढला नाही. ती दुरुस्त केली ती चालवायला, आणि कुठे चालवायची हेही पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. पन्हाळ्याला.

काका मला गावाबाहेरच्या माळावर शिकवायचे. "पद्मे, क्लच हाय का शेणाची पाटी? हळू सोड की!" मी एकदा बांधावर चढवली तेव्हा ते नुसते हसले. आण्णा मात्र मागे बसून डोळे मिटायचे. आत्या, मावश्या, शेजारी यांनी आईचे कान भरले होते की पोरगी लग्नाची झाली, उद्या बघायला पावणं आले तर काय सांगायचं, ड्रायव्हर आहे म्हणून? तरी अखेर आण्णांनी एक दिवस शब्द दिला. गाडी पन्हाळ्याला वर आम्ही नेणार, खाली तू आणायची. मी म्हटलं, "खालीच का? वर मी नेतो की!" त्यावर काका म्हणाले, "येडे, चढाला इंजिन गाडी चालवतंय. उताराला माणूस चालवतोय. भूपालनं तुला सोपं न्हाय दिलेलं." भूपाल हे आण्णांचं नाव, आणि त्या नावाने हाक मारणारा साऱ्या उद्यमनगरात हा एकच माणूस. माझी परीक्षा जवळ आली होती आणि तिच्यामागे लग्नाची बोलणी उभी होती. सासरी गेल्यावर मला कोण गाडीला हात लावू देणार? जे काय व्हायचं ते त्याच हंगामात व्हायला हवं होतं.

पहिल्या खेपेला आम्ही पन्हाळ्याच्या वाटेवरच्या वाघबीळपर्यंत पोचलो. तिथल्या चढाला बॉनेटमधून बंदुकीसारखा बार झाला आणि मग फाट् फाट् असा आवाज सुरू झाला तो थांबेना. मॅनिफोल्ड फुटला होता. इंजिनाच्या तोंडांतून निघणारा धूर गोळा करून मागच्या नळीत सोडणारा बिडाचा एक लांबट जाड तुकडा असतो, तो. गाडी घरी आणली खरी, पण वाटेतली झाडून सगळी कुत्री मागे घेऊन. विलायतेतून सुटा भाग आणायचा विचारसुद्धा कुणाच्या मनात आला नाही. उद्यमनगरात राहून मॅनिफोल्ड बाहेरून आणायचा म्हणजे विहिरीच्या काठी बसून पाणी विकत घ्यायचं. आण्णांनी फुटक्या तुकड्याची मापं काढून दिली, काकांनी पॅटर्न केला, शेजारच्या फाउंड्रीत ओतून घेतला. गार झाल्यावर दोघांनी तो बाळ उचलावं तसा उचलून आणला आणि इंजिनाला लावायला गेले. बसेना. एका टोकाचं भोक जुळवलं की दुसऱ्या टोकाचं पेन्सिलीच्या जाडीइतकं पुढे.

आता काय झालं होतं ते सांगते. तापलेलं बीड गार होताना आटतं. म्हणून पॅटर्न मूळ वस्तूपेक्षा थोडा मोठा करावा लागतो. एवढं आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पॅटर्नवाल्यांकडे त्यासाठी वेगळी पट्टीच असते, तिच्यातला इंच खऱ्या इंचाहून किंचित मोठा. काकांनी त्या पट्टीने माप धरलं, म्हणजे वाढ धरली गेली. पण आण्णांनी माप लिहून देतानाच वाढ धरून दिली होती. सर्ज्या बोलण्याच्या नादात विसरेल, म्हणून. आणि काकांनी विचारलं नव्हतं, कारण भूपाल लेथवाला, त्याला पॅटर्नमधलं काय कळतंय. दोघंही शहाणे, दोघांनीही वाढ धरली. एक जरी अडाणी असता तरी मॅनिफोल्ड बसला असता.

"तू मला इचारलास का?" काका ओरडले.

"तुला इचारायचं काय? मापं दिलती न्हवं!"

"मापं दिलीस का अक्कल दिलीस? वीस-वीस कारखान्यांचं पॅटर्न करतो मी, आन् तू मला वाढ शिकवतोस?"

"सर्ज्या, तुझा भरवसा असता तर कशाला धरली असती?"

हे शेवटचं वाक्य आण्णांनी बोलायला नको होतं. काका एकदम गप्प झाले. आम्हाला त्यांच्या ओरडण्याची सवय होती, गप्प बसण्याची नव्हती. भिंतीला टेकवलेलं हँडल त्यांनी उचललं आणि ते चालत निघून गेले. सायकलसुद्धा आमच्याच अंगणात राहिली.

मग आमच्या घरी एक विचित्र शिस्त सुरू झाली. ताटली वाजायच्या आधीच आण्णा हातपाय धुऊन पाटावर. गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही, मुगाची आमटी, सगळं वेळेवर आणि सगळं मुकाट्याने. इतकी वर्षं आईला जे हवं होतं ते तिला मिळालं होतं, आणि तिच्या तोंडावर आनंद म्हणून दिसेना. एकदा तिने हुग्गी केली. गव्हाची ती खीर आण्णांचा जीव की प्राण. त्यांनी वाटी संपवली आणि "पुरे" म्हणाले. आई मला आत येऊन म्हणाली, "हे बरं न्हाय बघ पद्मा. ह्यापेक्षा ते उपाशी बरं होते." शेडमध्ये अक्काबाईवर ताडपत्री पडली. मी पुस्तक उघडून बसायची आणि माझं लक्ष त्या ताडपत्रीवर. सांगायला लाज कशाला, मला तेव्हा मैत्रीचं कमी आणि माझ्या उताराचं दुःख जास्त होतं.

शेवटी मी मंगळवार पेठेत काकांच्या घरी गेले, सरळ हँडल मागायला. काका म्हशींचं दूध घालायला बाहेर गेले होते. ताराकाकी चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. हँडल देवळीच्या शेजारी खिळ्याला टांगलेलं, तेल लावून चकचकीत.

"रोज पुसत्यात त्येला," काकी म्हणाली. "बोलायचं न्हाय, पर पुसायचं हाय."

मी म्हटलं, "काकी, मी नेतो हँडल. काकांना सांग पद्मानं नेलं."

"न्हेऊन काय करशील? दोघं गाडीत बसल्याबिगर ती जाईल व्हय?" तिने भाकरी तव्यावर टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "भांडान झाल्यापासनं येळवर जेवायला लागल्यात. आदी आठवड्यातनं दोनदा-तीनदा उपाशीच झोपायचे."

"उपाशी? का?"

"का म्हंजी? तुझा आण्णा उपाशी ऱ्हायला की हे बी उपाशी. मटनाचं कालवन असू दे न्हाय तर आनी काय असू दे. 'भूपाल माझ्यापायी पाण्यावर झोपलाय, मी कसा गिळू?' म्हणायचे. गाडी आणल्यापासनं हेच चाललंय. मी सांगितलं म्हणून सांगू नगंस हं."

मी तिथून निघाले ती रागाने. कशाचा राग होता ते आजही नीट सांगता येणार नाही. घरी आले तर आण्णा पाटावर, समोर अर्धी भाकरी. काकीने सांगू नको म्हटलेलं सगळं मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. आईच्या हातातली पळी आमटीतच राहिली. आण्णांचा घास हातात थांबला.

"कधीपासनं?" त्यांनी विचारलं.

"गाडी आणल्यापासनं."

आमच्यात ताटात काही टाकायचं नसतं, म्हणून त्यांनी ती अर्धी भाकरी संपवली, कशी ते त्यांनाच माहीत. मग ताटात पाणी घालून ते पिऊन टाकलं, नेहमीसारखं, आणि उठून शेडमध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी आईने ताटली वाजवली तर "आलो, आलो" आलंच नाही. कारखाना बंद, आण्णा नाहीत. आईने परत वाजवली. ऊन अंगणातून भिंतीवर गेलं, भिंतीवरून पत्र्यावर गेलं आणि नाहीसं झालं. आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसून होतो. दिवे लागल्यावर फाटक वाजलं. आण्णा आत आले, हाताला भुसा लागलेला, सागवानाचा वास येत होता.

"जेवलात?" आईने विचारलं. हा काय प्रश्न झाला का, दिवस बुडून गेलेला.

"न्हाय."

आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. नवरा उपाशी आला म्हणून हसलेली बाई मी दुसरी बघितली नाही. "मिटलं गं बाई एकदाचं," ती मला म्हणाली, आणि त्या रात्री भांडी अजिबात आपटली नाहीत.

काकांच्या पॅटर्नच्या दुकानात त्या संध्याकाळी काय झालं हे मी दोघांकडून वेगवेगळं ऐकलं आणि दोघांच्या सांगण्याचा मेळ बसत नव्हता. काका म्हणायचे भूपाल आला आणि रडला. आण्णा म्हणायचे सर्ज्याच रडला. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं. आण्णांनी फुटका मॅनिफोल्ड फळीवर ठेवला, आपली मापाची चिठ्ठी फाडली आणि म्हणाले, "माप तू घे. वाढबी तूच धर. मी बघणारसुदिक न्हाय." आणि खरंच, पाठ करून बसले. काका म्हणाले, "बघ की लेका, बघायला काय हुतंय." तरी आण्णा वळले नाहीत. लेथवर कागदाच्या जाडीएवढा फरक पकडणारा तो माणूस, मित्राच्या हातातल्या पट्टीकडे पाठ करून बसला होता. माझ्या बापाने आयुष्यात केलेल्या सगळ्या गोष्टींत मला हीच मोठी वाटते.

तो मॅनिफोल्ड बसला. हाताने ढकलला आणि आत गेला. आम्ही परीक्षेच्या आधीच्या रविवारी निघालो. पुढे आण्णा आणि काका, मागे आई, काकी आणि मधे मी. आईची ही या गाडीतली पहिलीच फेरी. निघताना तिने बॉनेटला हळदीकुंकू लावलं आणि पुटपुटली, "अक्काबाई, नावाला जागू नकोस." वाघबिळाचा चढ आला तेव्हा सगळ्यांचे कान बॉनेटकडे. गाडी कण्हत, दम खात, वाटेत एकदा पाणी पिऊन वर चढली. तटबंदीच्या कडेला गाडी लावली तर सूर्य खाली उतरायला लागलेला.

मी चावीसाठी हात पुढे केला. तेवढ्यात काकाच ओरडले, "थांब गं! दिवस चाललाय. भूपाल, आदी जेव. वहिनी, सोडा डबा." दशम्या, चटणी, घट्ट दही. सगळ्यांनी भराभर खाल्लं. काका आण्णांच्या हाताकडे आणि सूर्याकडे आळीपाळीने बघत होते आणि आण्णांचा शेवटचा घास पोटात गेल्यावर त्यांनी समाधानाने ढेकर दिला. मग आण्णांनी चावी माझ्या हातात ठेवली. काका हँडल घेऊन पुढे गेले.

पहिल्या वळणाला मी चाक दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. शेजारी काका, मागे आण्णा. आई मागून णमोकार मंत्र म्हणत होती, आधी मनात आणि मग चांगला मोठ्याने. मी ब्रेकवर पाय दाबून धरला तर काका हळूच म्हणाले, "दुसऱ्या गेरात टाक. तिला सोड जरा, ती वाट धरती." मी गेर टाकला. इंजिन घुमलं, गाडीने स्वतःला सावरलं, आणि माझ्या हातात ते चाक पहिल्यांदा हलकं झालं. घाट संपल्यावर आरशात बघितलं तर आण्णांचे डोळे उघडे होते. घरी पोचल्यावर आई खाली उतरली, बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "बरी चालते की." एवढंच. पण त्यानंतर माझ्या लग्नाची बोलणी करताना मुलगी गाडी चालवते हे ती स्वतःहून, आणि सगळ्यात आधी, सांगायला लागली.

अक्काबाई आता माझ्याकडे आहे. मॅनिफोल्ड तोच. सेल्फ अजून दुरुस्त केलेला नाही. मेळाव्यातले लोक विचारतात का, तर मी सांगते, भाग मिळत नाही.

आण्णा गेले त्यानंतर काही महिन्यांनी मी संध्याकाळी काकांकडे गेले होते. अजून उजेड होता आणि काका जेवायला बसले होते. काकी म्हणाली, "तुझा आण्णा गेल्यापासनं हे असंच. दिवस बुडायच्या आत ताट वाढ म्हणत्यात." ताटात मटणाचं कालवण, तांबडा रस्सा, वर तवंग. मी विचारलं, "काका, हे काय नवीन?"

काकांनी भाकरी मोडली. आवाज आता पूर्वीचा राहिला नव्हता. "त्येला जन्मभर येळवर जेवायला जमलं न्हाय गं, माझ्यापायी. आता त्येच्या वाटणीचं मी येळवर जेवतोय."

आण्णांच्या वाटणीचं जेवण, आणि ताटात मटण! मला हसू फुटलं, मग ते आवरेना, मग ते रडू झालं. काका माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी खिडकीतून बाहेर किती ऊन उरलंय ते बघितलं आणि घास घेतला.